५ वर्षं रोज बोलतोय, एकदाही भेटलो नाही, त्याच्या लग्नाला जाऊ का?

खटखट_इचल

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. माझा एक मित्र आहे, उदगीरच्या बाजूला त्याचं गाव, १२ दिवसांनी त्याचं लग्न आहे. ५ वर्षं झाली ओळखीला, जवळजवळ रोज रात्री बोलतो, पण आजपर्यंत आम्ही एकमेकांना समोरासमोर बघितलेलं नाही. जाऊ का नको?

कसं झालं सांगतो. २०२० चा लॉकडाऊन, इचलकरंजीत सगळे लूम बंद. आमच्या घराला लागूनच काकांचा शेड आहे, जन्मापासून खटाखट आवाजात झोपायची सवय, त्या शांततेत झोपच लागायची नाही. मग काय, पब्जी. आम्ही गल्लीतले चौघं खेळायचो. एका रात्री एक गडी आलाच नाही तर गेमनं एक रँडम भिडू जोडून दिला. पोचिंकीत उतरलो, दोन मिनिटांत मी चर्चजवळ नॉक, गुडघ्यावर रांगतोय, दोन्हीकडून फायर. गल्लीतले दोघं लूट गोळा करण्यात दंग. आणि हेडफोनमधे एक अनोळखी आवाज, "थांब रे, मरू नको, येऊलालो येऊलालो". मला येऊलालो म्हणजे काय तेच कळेना, वाटलं कानडी पोरगं आहे. (येतोय येतोय, असं म्हणत होता ते नंतर कळलं.) त्यानं धूर सोडला, पळत येऊन मला उठवलं आणि त्या नादात स्वतः गेला. मॅच संपल्यावर पहिली फ्रेंड रिक्वेस्ट मी त्याला पाठवली.

पुढं गल्लीतले दोघं सुटले, आमचे आम्ही चार झालो. मी, हा उदगीरवाला, एक चाकणला कंपनीत आहे आणि एक म्हापशाचा. माझ्या माइकमधनं लूमचा आवाज जातो म्हणून माझं नावच खटखट पडलं. २ सप्टेंबर २०२० ला ११८ ॲपसोबत पब्जीवर बंदी आली, ऑक्टोबरच्या शेवटी सर्व्हरही बंद. तेव्हा वाटलं संपलं सगळं. पण व्हॉट्सॲप ग्रुप राहिला. मधे लुडो खेळलो, जानेवारीत फौजी नावाचा गेम आला तो चार दिवस खेळून बघितला, पण रात्री १० वाजता कॉल लागायचाच, गेम असो नसो.

आणि २०२१ चा एप्रिल. उदगीरवाल्याच्या वडलांची ऑक्सिजन लेव्हल खाली आली, कुठंच बेड नाही. त्या रात्री आम्ही तिघांनी तीन ठिकाणी बसून फोन लावले, त्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्या आठवत असतील तुम्हाला, निम्मे नंबर बंद आणि उरलेले उचलत नव्हते. मी लातूरचे नंबर घेतले, चाकणवाल्यानं सोलापूरचे, म्हापशाच्यानं नांदेडचे. पहाटे सव्वाचारला लातूरला एक बेड मिळाला. काका वाचले. तेव्हा बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा भारतातला अवतार, यायचा होता, तो जुलैत आला. म्हणजे त्या काळात आमच्यात गेम नव्हताच.

आता आई विचारते, "कोण तो तुझा? भावकीतला हाय, का शाळंतला?" मला उत्तर देता येत नाही. गेममधला मित्र म्हटलं की ती कपाळाला हात लावते. चारशे किलोमीटर लांब, अनोळखी गाव, आणि जाऊन सांगायचं काय, मी कोण? जायचं ठरलं तर आहेर काय द्यायचा तेही सांगा.

चिंतामणी_९

जा की राव! एवढं टाइप करण्यात जेवढा वेळ घालवलास तेवढ्यात एसटीचं रिझर्वेशन झालं असतं.

निफाडकर_ताई

मी जरा थंड पाणी ओतते, राग मानू नका. पत्रिका कशी आली ते आधी सांगा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून फाइल येते, नावाच्या शेवटी एपीके असतं, उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात आणि बँकेतले पैसे गायब, गेल्या वर्षभरात असले प्रकार किती ऐकले. तसं काही झालंच तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करायचा, जेवढा उशीर तेवढे पैसे लांब गेले समजा.

आणि ऑनलाइन गेम या शब्दानंच माझं डोकं फिरतं त्याला कारण आहे. आमचा भाचा, द्राक्षाचा बाग आहे, फवारणीच्या औषधांना ठेवलेले पैसे त्यानं क्रिकेटच्या टीम लावण्यात आणि रमीत घालवले. सुरुवात ४९ रुपयांपासून. घरच्यांना वाटायचं पोरगं फोनवर मॅच बघतंय, आणि ते बघतच होतं, फक्त प्रत्येक चेंडूवर त्याचे पैसे लागलेले असायचे. बागेवर डावणी रोग आला तेव्हा दुकानदाराकडं उधारी करायला गेला तेव्हा कुठं घरात कळलं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सरकारनं त्यावर २८ टक्के जीएसटी लावला तरी खेळणारे खेळतच राहिले. मग २०२५ च्या ऑगस्टमधे कायदाच झाला, पैशाचे गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं, बँकांनी त्यांचे व्यवहार करणं सगळं बंद. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही ते बरं झालं, नाहीतर आमचं पोर अजून घाबरलं असतं. पण गेलेले पैसे काही आले नाहीत परत.

तर तुमच्या ग्रुपमधे कधी कुणी कुणाला पैसे मागितलेत का? उसने, आयडी घ्यायला, काहीही? त्यावर माझं उत्तर अवलंबून आहे.

खटखट_इचल

ताई राग कसला, बरोबर विचारलंत. पत्रिका पोस्टानं आली, छापील, चारी कोपऱ्यांना हळद लावलेली. पाकिटावर माझं पूर्ण नाव लिहिलंय आणि खाली कंसात "खटखट", पोस्टमननं पण विचारलं हे काय म्हणून. कुलदैवत खंडोबा, आणि प्रेषक म्हणून त्याच्या वडलांचं नाव, हातानं लिहिलेलं.

पैशाचं म्हणाल तर, एकदाच. म्हापशाच्याचा फोन पाण्यात पडला तेव्हा आम्ही तिघांनी दोन-दोन हजार घातले, त्यानं गणपतीआधी परत केले, वर आईच्या हातच्या नेवऱ्या कुरिअरनं पाठवल्या, निम्म्या मोडलेल्या पण चव एक नंबर. गेमात पैसे लावायचा प्रश्न नाही, आम्ही स्किन (गेममधले कपडे-बिपडे) पण विकत घेत नाही. चाकणवाल्यानं एकदा यूसी, म्हणजे गेममधली नाणी, विकत घेतली होती तर आम्ही त्याला महिनाभर शेठ म्हणत होतो.

गल्ला_नंबर_७

आमच्या वेळची गोष्ट सांगतो. माझा पुण्यात सायबर कॅफे होता, प्लायवूडचे खोपटे, तासाला ३० रुपये, नंतर २०, रजिस्टरमधे नाव पत्ता ओळखपत्र. संध्याकाळी ६ ते ९ काउंटर स्ट्राइकवाली पोरं, लॅनवर, इतका आरडाओरडा की शेजारचा झेरॉक्सवाला भांडायला यायचा. लोक म्हणतात तेव्हा पोरं एका खोलीत बसून खेळायची म्हणून ती दोस्ती खरी होती. मी गल्ल्यावर बसून रोज बघायचो, त्यातल्या निम्म्या पोरांना शेजारच्या खोपट्यातल्याचं आडनाव पण ठाऊक नसायचं. वीज गेली की उठून घरी. तुम्ही चौघं चार गावांत बसून एकमेकांच्या बापाला बेड शोधता आणि वर विचारता ही मैत्री आहे का.

मी स्वतः २००६ साली ऑर्कुटवरच्या एका माणसाला भेटायला गेलो होतो. एका कम्युनिटीत जुन्या कॅमेऱ्यांवरून भांडण झालं होतं आमचं, चांगलं आठ दिवस चाललेलं. ठरलं अलका टॉकीजच्या चौकात भेटायचं, ओळखायची खूण म्हणजे हातात पेपरची सुरळी. मी पोचलो तर चौकात पेपरची सुरळी घेतलेले चार जण! तिसऱ्याला विचारलं तेव्हा खरा माणूस सापडला. आज तो माझ्या मुलीचा मामा असल्यासारखा आहे, तिच्या बारशाला पण तोच पुढं होता. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, त्यानं मला लिहिलेलं टेस्टिमोनियल त्याबरोबर गेलं, तेवढं एक मनाला लागलं. कॅफे पण बसला, २०१६ ला फुकटातलं ४जी आल्यावर ज्याच्या त्याच्या खिशात कॅफे झाला. खुर्च्या मी एका क्लासवाल्याला विकल्या.

मायबोली ही मराठी वेबसाइट तर १९९६ पासून आहे, तिथली माणसं भेटायला लागली तेव्हा त्या भेटीला गटग (गेट टुगेदर) म्हणायला लागले, शब्दच तयार झाला. तुमचं हे लग्न म्हणजे गटगच समजा, फक्त जेवण चांगलं.

भिंतीपलीकडची

सगळे जा जा म्हणताय म्हणून लिहितेय. तुमच्या चौघांत लग्न झालेले किती?

माझा नवरा खेळतो. रात्री १० ते १, कधी दीड. पैसे लावत नाही, दारू नाही, वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते नाहीतर लगेच सल्ले सुरू होतील. तो आतल्या खोलीत असतो आणि मी मुलीला झोपवत असते. भिंतीपलीकडून त्याचं हसणं ऐकू येतं. मोठ्यानं, पोटातून. माझ्याशी बोलताना तो असा हसत नाही, मी आठवून बघितलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायचा.

मागच्या दिवाळीआधी त्याला कंपनीत नोटीस मिळाली. मला कळलं आठ दिवसांनी. नागपूरच्या कुणा पोराला, ज्याचं खरं नाव पण मला माहीत नाही, त्याला त्याच रात्री कळलं होतं. हे मला कसं कळलं तर नवरा आंघोळीला गेला होता आणि त्या पोराचा मेसेज वर आला, "वहिनीला सांगितलंस का". म्हणजे तो पोरगा चांगलाच, त्याला माझी काळजी. पण मला त्या दिवशी काय वाटलं ते मी कुणाला सांगू शकले नाही, भांडू तरी कुणाशी.

आम्ही समुपदेशकाकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला गेमिंगचा आजार अधिकृत यादीत घेतलाय, पण त्याची खूण नुसते तास मोजणं नाही, हातातून सुटणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असणं. त्यांच्या मते याला आजार नाही. मग काय आहे, असं मी विचारलं तर त्या म्हणाल्या तुम्ही दोघं रात्री किती वेळ बोलता. फी ८०० रुपये.

लग्नाला जरूर जा. पण नव्या नवरीची ओळख करून घ्या. तिला तुमची खरी नावं कळू देत, कोण काय करतो, कुणाच्या घरी कोण आहे. भिंतीपलीकडे नुसते आवाज नकोत.

खटखट_इचल

वहिनी, तुमचं वाचून दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. ग्रुपवर पण टाकलं तुमचं लिहिलेलं, नाव न सांगता. चाकणवाल्याचं लग्न झालंय, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग फक्त "हं" आलं.

माझं स्वतःचं पण सांगतो. आमच्याकडं टीव्ही कुणी बघतच नाही आता, आई सिरीयल फोनवर बघते, बाबा फोनवर शेतीचे व्हिडिओ, बहीण तिचं काय ते रील. २०२४ ची टी-२० वर्ल्ड कप फायनल, २९ जून, तेव्हा मी घरात एकटा खोलीत आणि कानात हे तिघं. उदगीरवाल्याकडं डिश, आम्ही बाकीचे मोबाइलवर, म्हणजे त्याला सगळं आमच्या आधी दिसायचं. शेवटची ओव्हर, १६ पाहिजेत, मिलर समोर, हार्दिक धावत निघाला. आमच्या स्क्रीनवर अजून तो बॉल टाकायचाच आहे आणि कानात हा बोंबलला "धरला! सूर्यानं धरला!" आम्ही त्याला शिव्या घातल्या, मग अर्ध्या मिनिटानं आम्हाला तो कॅच दिसला, बाउंड्रीवर आत बाहेर आत, आणि माहीत असून पण आम्ही ओरडलो. बाहेर आलो तर बाबा हॉलमधे एकटेच तीच मॅच फोनवर बघत होते, त्यांच्या फोनवर अजून मिलर बॅटिंग करत होता. मी तसाच उभा राहिलो मागं, काही बोललो नाही, त्यांचा कॅच होऊ दिला. हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुमच्या भिंतीवरून आठवलं.

अनघा_डब्लिन

मधेच घुसतेय. माझी आई वाईला एकटी असते. लांब राहणाऱ्या पोरींना माहीत असेल, व्हिडिओ कॉल चालू केला की पहिल्या पाच मिनिटांत विषय संपतात. जेवलीस का, थंडी आहे का, गुडघा कसा आहे. मग दोघी एकमेकींच्या कपाळाकडे बघत बसतो, कारण आईचा फोन कायम असा धरलेला की मला कपाळ आणि वरचा पंखाच दिसतो.

लॉकडाऊनमधे भाच्यानं तिला लुडो किंग शिकवला, तो नवी मुंबईतल्याच कंपनीचा गेम आहे म्हणे, २०१६ पासूनचा. तेव्हापासून रविवारी माझ्याकडे सकाळचे ११, तिच्याकडे दुपारचे साडेचार, चहा घेऊन बसते आणि खेळतो. खेळताना ती बोलते! सोंगटी मारता मारता बोलते. बाबा गेल्यानंतर पहिल्या वर्षी तिला रात्री कशाची भीती वाटायची ते मला तिनं सहा पडायची वाट बघताना सांगितलं. समोर बसवून विचारलं असतं तर "मला काय होतंय" म्हणाली असती. आणि दया माया काही नाही हां, घराच्या दाराशी आलेली माझी सोंगटी मारते आणि वर म्हणते "परदेशात राहून हेच शिकलीस?"

खटखट, आईला सोबत घेऊन जा. तिलाही कळेल कोण आहे ते.

कडेगावकर

आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, पेपरात आलेलं बघा. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी ७ ला भोंगा, की दीड तास टीव्ही मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला आणि मोठी माणसं बोलायला किंवा वाचायला. माझी मावशी तिथली. मी सुरुवातीला हसलो होतो, भोंगा वाजवून माणसं बोलती करणार का म्हणून. मग एकदा सातला तिच्या घरी होतो. भोंगा झाला, फोन फळीवर ठेवले, आणि पहिली दहा मिनिटं कुणालाच काय करायचं कळेना, सगळे आपले भिंतीकडं बघतायत. मग मामांनी विषय काढला बांधाचा, आणि असं भांडण जुंपलं म्हणता, साडेआठचा भोंगा झाला तरी कुणी फोनला हात लावला नाही.

त्यामुळं फोन बंद केला की प्रेम वाढतं असलं काही मी म्हणणार नाही. भांडण वाढतं. पण समोरासमोर.

लग्नाला जा. मराठवाड्यात पाहुण्याला वाढतात ते ताटातलं संपू देत नाहीत, सुट्टी एक दिवस जास्त टाक.

चिंतामणी_९

आहेराचं कुणी बोललंच नाही. पाकिटात ५०१ टाकून मोकळं होण्यात मजा नाही. तवा द्या! पब्जी खेळणाऱ्याच्या लग्नात तवा नाही म्हणजे काय. पाठीला लटकवला की गोळ्या अडवतो, संसारात दुसरं काय लागतं. बिडाचा घ्या चांगला जड, वर चौघांची नावं घालून आणा, भांड्याच्या दुकानात मशीननं तिथल्या तिथं नाव घालून देतात.

निफाडकर_ताई

बिडाचा तवा आधी तेल लावून तापवून मुरवावा लागतो, नाहीतर पहिली भाकरी चिकटते आणि नवरी तुमच्या नावानं बोटं मोडते. मुरवूनच द्या. आणि जाताय तर लाइव्ह लोकेशन घरी शेअर करून जा, आई सोबत असली तरी.

खटखट_इचल

मंडळी जाऊन आलो. जरा लांबण लागेल.

आईला "तुळजापूर वाटेत लागतंय" एवढंच सांगितलं आणि ती तयार झाली, आदल्या रात्रीच पिशवी भरून बसली. सोलापूरपर्यंत एक गाडी, तिथनं तुळजापूर, दर्शन, मग लातूर आणि पुढं उदगीर. चाकणवाला लातूर स्टँडवर भेटला, बायकोला घेऊन आला होता, ते मला माहीतच नव्हतं. तो आवाजावरनं सहा फुटी वाटायचा, माझ्या खांद्याएवढा आहे. म्हापशाच्याला सुट्टी मिळाली नाही.

गावात रिक्षा थांबली आणि पत्ता विचारायच्या आधीच मला घर कळलं. त्याच्या घराच्या लोखंडी गेटला एक कुई आवाज आहे, उघडताना लांब आणि मिटताना तोडलेला, ५ वर्षं मी तो माइकमधनं ऐकतोय, तो झाला की आम्ही म्हणायचो "काका आले, आवाज बारीक कर". तोच आवाज मागच्या गल्लीतनं आला. आईला म्हटलं हेच घर. ती माझ्याकडं बघतच राहिली.

काका दारात होते. मी नाव सांगितलं तर त्यांना कळलं नाही. खटखट म्हटल्यावर त्यांनी हातातलं सामान तिथंच टाकलं आणि आईचा हात धरून आत घेऊन गेले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही, अर्ध्या तासानं बघितलं तर आई त्यांच्या बायकांत बसून रुखवताच्या चकल्या मोजत होती. "कोण तो तुझा" हे परत विचारलं नाही तिनं.

पण खरी पंचाईत आमची झाली. नवरदेव हळदीचा, आम्ही दोघं शेजारी, खाटेवर तिघं बसलो आणि बोलायला काही सुचेना! रोज दोन-दोन तास बोलणारी माणसं आम्ही. "प्रवास कसा झाला", "बरा झाला", "चहा घेतला का", "घेतला". तो माझ्या चपलांकडं बघतोय, मी त्याच्या बाशिंगाच्या डब्याकडं. पंधरा मिनिटं असं चाललं. शेवटी चाकणवाल्यानं फोन काढला, म्हापशाच्याला कॉल लावला, तिघांनी हेडफोन घातले, एकच मॅच म्हणून सुरू केली, आणि हा एका खाटेवर माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस हेडफोनमधनं मला म्हणतो, "काय खटखट, जाड झालास की रे." तिथनं जे सुरू झालं ते हळद वाळून पडेपर्यंत.

मंगलाष्टकं म्हापशाच्यानं व्हिडिओ कॉलवर ऐकली, मी फोन धरून उभा. नेट तिथं जेमतेम. इकडं सावधान होऊन अक्षता पडल्या, माणसं जेवायला पळाली, आणि फोनमधे हा अजून हात जोडून गंभीर तोंड करून उभा, त्याच्याकडं अंतरपाट निघायचाच होता.

तवा दिला. मुरवलेला, ताई. वर चौघांची नावं, आमची खरी, आणि खाली बारीक अक्षरात "येऊलालो". स्टेजवर नवरदेव हसून हसून वाकला, बाकी पाव्हण्यांना काही कळेना. भिंतीपलीकडच्या वहिनींनी सांगितलेलं मी विसरलो नव्हतो, नवरीला एकेकाची ओळख करून दिली, हा चाकणचा, ही त्याची बायको, हा फोनमधला म्हापशाचा, मी अमुक अमुक. तिनं सगळं ऐकून घेतलं, तवा हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही तिघं होय ते. चांगला जड आहे. रात्री अकरानंतर फोन वाजला तर हाच घेऊन येऊलाले म्हणून समजा."

आता आमचं टायमिंग ९ ते साडेदहा आहे. चाकणवाल्याच्या बायकोनं तिचा नंबर घेतलाय.